बुधवारी दुपारी दोन वाजता

इंदापूर
१६ जानेवारी १९९७

प्रिय अवि,

तिळगूळ पाठवला होता तो फुटून भुगा झाला असेल, तरी खा. गोडच लागेल.

तुला एक सांगायचं राहूनच जातंय. तुझी अक्का आता टीव्हीवर दिसते. दिवाळीपासून. आमच्या इथं बिरूभाऊंची केबल आहे ना, त्यांच्याकडं लग्नाचं शूटिंग करायचा कॅमेरा आहे. त्यांच्या दुकानाच्या वर एक खोली, एक खुर्ची, मागं निळी चादर. कॅमेऱ्याची तार थेट केबलमध्ये. बुधवारी दुपारी दोन वाजता मी बसते आणि बायकांची पत्रं वाचून दाखवते. ‘बायकांची दुपार’ असं नाव ठेवलंय. बालवाडी एकला सुटते, त्यामुळं मलाही जमतं. आधी वाटलं होतं, कोण लिहिणार? पण दुकानातला बिस्किटाचा डबा आठवड्यात भरतो. कुणाला नवऱ्याचं सांगायचं असतं, कुणाला सुनेचं, कुणाला नुसतं ‘मी हाय’ एवढंच. नकोशी नावाची एक बाई दर आठवड्याला कार्ड टाकते. म्हणते, ताई, तुमचं सुरू झालं की मी कुणालाच दार उघडत न्हाय.

आता तुझ्या मालकांची, मोहनरावांची, तारही आमच्या गल्लीत आलीय. तीन महिने फुकट. फुकट म्हटल्यावर प्रत्येकानं घेतलीय. टीव्हीमागं दोन तारा लोंबतात. बिरूभाऊंची काढायची, मोहनरावांची खोचायची, नाहीतर उलट. मला तर आनंदच झाला, माझ्या भावाची तार माझ्या घरात आली म्हणून. पण तू तिथं नेमकं काय करतोस? तुझ्या दाजींना कुणी विचारलं की ते म्हणतात, मेव्हणा बारामतीला केबलमध्ये आहे. पुढचं त्यांनाही माहीत नाही.

तुझी
अक्का

*

बारामती
२२ जानेवारी १९९७

अक्का,

भुगा चमच्यानं खाल्ला.

तू टीव्हीवर! अंथुर्ण्याच्या शाळेत कविता म्हणताना तुझे पाय लटपटायचे, ते मला आठवतंय. आता सगळं इंदापूर बघतंय म्हणजे कमाल आहे.

माझं काम सांगण्यासारखं नाही. खांबावर चढावं लागत नाही एवढंच. कॅसेटींवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, सकाळच्या इंदापूर एसटीत पिशवी देऊन यायची. तुमच्याकडं मोहनरावांनी दुसरी खोली घेतलीय, तिथला माणूस त्या कॅसेटी लावतो.

तू मात्र सविस्तर लिहीत जा. बरोबर दोनला सुरू होतो का? किती वेळ चालतो? बायकांना जास्त काय आवडतं? पुढच्या आठवड्यात काय करणार आहेस तेही आधी कळवलंस तर मला काही सुचलं तर सुचवीन. इथं राहून चार गोष्टी कळायला लागल्यात.

तुझा
अवि

*

इंदापूर
४ फेब्रुवारी १९९७

प्रिय अवि,

तू आपुलकीनं विचारलंस, बरं वाटलं. कार्यक्रम बरोबर दोनला सुरू होतो, पाऊण तास चालतो. होतो म्हणजे व्हायचा म्हणायची वेळ आलीय.

गेले दोन बुधवार तुमच्या तारेवर बरोबर दोनला नवा सिनेमा लागतो. आमच्याकडं अजून थेटरलाही न आलेला. पहिल्या बुधवारी मला काही कळलंच नाही. दुसऱ्या बुधवारी खाली उतरले, तर दुकानातल्या द्वारकाबाई म्हणाल्या, “ताई, रागावू नका, पन आज तुमाला न्हाय बघितलं. हाणामारीचा लागला हुता.” डब्यात चारच पत्रं होती.

बिरूभाऊ म्हणाले, आपण वार बदलू. पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी चार वाजता. रविवारी मी जाहीर करणार आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला आणि दाजींनाच.

तुला काही सुचतं का? तू म्हणाला होतास.

अक्का

*

इंदापूर
१४ फेब्रुवारी १९९७

प्रिय अवि,

तुझं पत्र नाही. काम वाढलं असेल.

मंगळवारचंही तसंच झालं. आम्ही रविवारी जाहीर करायच्या आधी शनिवारीच तुमच्या तारेवर पट्टी फिरायला लागली, मंगळवारी चार वाजता धमाल सिनेमा. बिरूभाऊ डोकं धरून बसले. त्यांना वाटतं, आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय. मी म्हटलं, आपल्यात आहे कोण? तुम्ही आणि मी. ते तार गुंडाळत बसले. माझ्याकडं बघितलं नाही, पण मला ते लागलं.

ते असू दे. परत बुधवारी दोनलाच बसायचं ठरवलंय, आणि त्याला एक कारण आहे.

शेळगावच्या फुलाबाई म्हणून एक म्हातारी परवा बालवाडीत आली. एसटीनं एकटी. तिच्याकडं पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबं आहेत. छातीचं दुखणं आहे, चार पावलं चालली की थांबते. मला म्हणाली, “तुमीच का त्या टीव्हीतल्या? माझी लेक तुमाला बघती म्हनं.”

तिची लेक म्हणजे ती कार्ड टाकणारी नकोशी. माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं राहते. नऊ वर्षांपूर्वी नकोशीला तिसरी मुलगी झाली. बारशाला ही म्हातारी गेली आणि भरल्या घरात तिच्या तोंडून निघून गेलं, “ही बी नकोशीच.” नकोशीनं पाळण्यापाशीच हात धरून आईला बाहेर काढलं. तेव्हापासून बोलणं नाही. म्हातारी दोनदा दारात जाऊन आली. दार उघडलं नाही. निरोप घेऊन गेलेल्या माणसालाही पाणी न देता परत पाठवलं.

मी म्हटलं, मी जाऊन समजावते. तर फुलाबाईंनी माझा हात दाबला. “न्हाय. तुमी काय बी बोलायचं न्हाय तिला. शपथ हाय. वडून आनलेली लेक नगं मला. ती दार लावती, पन टीव्ही तर लावती का न्हाय? मला त्यात बसवा. म्या माझं बोलते. ऐकून तिला वाटलं तर यील.”

बुधवार, २६ फेब्रुवारी, दुपारी दोन. नाव जाहीर करायचं नाही, नाहीतर नकोशी आधीच तार काढून ठेवेल. ‘एक आई तिच्या लेकीशी बोलणार आहे,’ एवढंच मी रोज केबलवर सांगतेय. अख्ख्या इंदापुरात चर्चा आहे. बायका रस्त्यात अडवून विचारतात, कुनाची आई ओ ताई?

अवि, आजवर तुला काही मागितलं नाही. मोहनरावांना एवढं सांग, त्या दिवशी तेवढा अर्धा तास मोकळा सोडा. सिनेमा अडीचला लावा. माझ्यासाठी म्हणून सांग.

अक्का

*

बारामती
१९ फेब्रुवारी १९९७

अक्का,

मोहनरावांशी बोललो. ते ऐकत नाहीत. म्हणाले, धंद्यात असं चालत नाही. माझ्या हातात काही नाही. मी इथं साधा माणूस आहे.

तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ज्यांना बघायचं ते बघतीलच. आणि नकोशी तर दर आठवड्याला बघतेच म्हणतेस.

घाईत आहे.

अवि

*

इंदापूर
१ मार्च १९९७

अवि,

झालं एकदाचं.

फुलाबाई सकाळी नऊच्या गाडीनंच आल्या. बालवाडीत कोपऱ्यात बसून राहिल्या. मुलांनी त्यांना गाणी म्हणून दाखवली. दोनला बोलायला बसल्या. मला वाटलं होतं, रडतील, अडखळतील, मला मध्ये बोलावं लागेल. तसं काही झालं नाही. दहा-बारा मिनिटं बोलल्या आणि थांबल्या. बिरूभाऊ कॅमेऱ्यामागं डोळे पुसत होते. त्यांचं रेकॉर्ड करायचं यंत्र पुण्याला दुरुस्तीला गेलंय, त्यामुळं त्याची कॅसेट नाही. बोलल्या ते तारेतून गेलं आणि संपलं.

त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. उन्हाची वेळ, रस्त्यावर कुणी नाही. दोन्ही बाजूच्या घरांतून हसण्याचा आवाज येत होता. एकदम सगळीकडून. तुमच्या तारेवर विनोदी सिनेमा होता, नवा. पट्टीवर तो रविवारी दाखवणार होते, मी स्वतः वाचलं होतं. बुधवारी कसा आला? फुलाबाईंनी विचारलं, “का हसत्याती वो समदी?” मी म्हटलं, सिनेमा चाललाय. त्या म्हणाल्या, “हसू द्या बिचारी.” त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी त्यांना गाडीत बसवून दिलं.

काल मी शेळगावला जाऊन आले. म्हातारी ओट्यावर बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. गुरुवारी पुरणपोळी करून ठेवली होती. शुक्रवारीही ठेवली. मी म्हटलं, मावशी, कदाचित तिनं बघितलंच नसेल, मला शपथेतून सोडा, मी जाते. तर म्हणाल्या, “बघितलं असंल तिनं. ती कवा चुकवत न्हाय, तुमीच म्हनला हुता. ऐकून आली न्हाय ती. बरुबर हाय तिचं.”

मी तीन गल्ल्यांवर राहते, अवि, आणि माझं तोंड बांधलेलं आहे. तू सांग मी काय करू?

अक्का

*

इंदापूर
१४ मार्च १९९७

अविराज,

तू उत्तर दिलं नाहीस. का दिलं नाहीस ते मला आता कळलंय. ते पुढं लिहिते.

फुलाबाई मंगळवारी गेल्या. सकाळी शेजारच्या कुशाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्या ओट्यावरच होत्या. भिंतीला टेकून. डोळे उघडे होते म्हणतात.

मातीला नकोशी आली. नवऱ्यासोबत. लांब बाभळीखाली उभी राहिली, जवळ गेली नाही. शपथ घालणारीच गेली म्हटल्यावर मी तिच्याकडं गेले. म्हटलं, नकोशी, सव्वीस तारखेला माझा कार्यक्रम बघितला होतास का? ती म्हणाली, “न्हाय ताई. त्या दिशी शेजारनी आदीपासनंच घरात बसल्या हुत्या, त्यांनी तार बदलली. का? काय हुतं?” तिथं, त्या गर्दीत, चितेसमोर मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, नंतर बोलू. अजून बोलले नाही. रोज तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.

आता तुझं. तुमच्या इंदापूरच्या खोलीतला माणूस मोहनरावांशी भांडून बिरूभाऊंकडं कामाला आला. येताना महिन्याचे कागद घेऊन आला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती कॅसेट. बिरूभाऊंनी ते कागद माझ्यासमोर ठेवले आणि खाली बघत म्हणाले, “ताई, म्या तुमच्यावर शंका घेतली, माफ करा. पन हे अक्षर कुनाचं हाय बघा.”

मला बघायची गरज नव्हती. तुझा ‘ळ’ अजून तसाच उलटा निघतो. पाटीवर हात धरून मीच गिरवून घ्यायचे. २६ तारखेच्या रकान्यात आधीचं नाव खोडून वर त्या विनोदी सिनेमाचं नाव लिहिलंय, आणि पुढं ‘बरोबर २.००’ याला दोनदा अधोरेखित केलंय.

तुझ्या तोंडून ऐकायचंय. लिही.

कौसल्या

*

बारामती
२० मार्च १९९७

अक्का,

खाली ‘कौसल्या’ लिहिलंस. पत्र हातात घेऊन किती वेळ त्या नावाकडंच बघत होतो.

सगळं लिहितो. इंदापूरला तार टाकून झाल्यावर मोहनरावांनी मला बोलावलं. म्हणाले, “इंदापूर तुझं. काय कधी लावायचं ते तू ठरव. तिथं बुधवारी कुणी बाई बसती, तिला आधी खाली बसवायची.” तुझं पत्र त्या वेळी माझ्या खिशात होतं. ती बाई माझी अक्का आहे, हे मी म्हणालो नाही. का नाही म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. वाटलं, आज नको, उद्या सांगू. मला वेगळं टेबल मिळालं होतं. लोक मला ‘अविराजसाहेब’ म्हणायला लागले होते.

तुला वेळ विचारली ती त्याच्यासाठीच. मंगळवारचं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पट्टी लिहिली. वाटलं, चार आठवड्यांत अक्का कंटाळेल, बालवाडी आहेच, तिचं काय बिघडतंय? आणि खरं सांगतो, इंदापूरहून फोन यायचा, साहेब, सगळी आपल्या तारेवर आली, तेव्हा मला बरं वाटायचं. ती सगळी तुझ्याकडून उठून आलेली आहेत, हे मी मनात येऊ देत नव्हतो.

फुलाबाईंचं तू लिहिलंस. मी मोहनरावांशी बोललोच नाही. ते खोटं लिहिलं. एवढी चर्चा आहे म्हटल्यावर एका दुपारीत सगळं इंदापूर परत तुझ्याकडं जाईल, एवढंच दिसलं. सर्वांत चांगली कॅसेट रविवारसाठी ठेवली होती, ती बुधवारी आणली. म्हातारीची लेकही त्याच घरांतल्या एका घरात बसली असेल, हे मला कळत होतं. कळत असूनही लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

तुझं पत्र मिळाल्यावर परवा इंदापूरला येऊन गेलो. तुझ्या घरी यायचं धाडस झालं नाही. नकोशीचं घर विचारत गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, तुमची आई टीव्हीवर तुमच्याशी बोलायला आली होती. तुम्ही बघू नये असं घडलं ते माझ्यामुळं.

मला वाटलं, शिव्या देईल, सूप फेकून मारेल. तिनं फक्त विचारलं, “कवा?”

मी म्हटलं, सव्वीस फेब्रुवारी, दुपारी दोन.

ती आठवत राहिली. मग म्हणाली, “मी हसत हुते तवा. पोट धरून हसत हुते.”

सूप बाजूला सरकवून म्हणाली, “काय बोलली माझी आई?”

अक्का, मला सांगता आलं नाही. मी ऐकलंच नव्हतं. ती मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मीच म्हटलं, टीव्हीतल्या ताई माझी बहीण, तिनं ऐकलंय, ती येईल. आणि निघालो.

नोकरी सोडली नाही अजून. सोडली तर कुणाला काय मिळणार, ते समजत नाही. पण इंदापूरचा कागद आता मी लिहीत नाही, तेवढं मोहनरावांना सांगून टाकलं. बुधवारची ती बाई माझी बहीण आहे, हेही सांगितलं. ते हसले. म्हणाले, “मग तर तू लईच कामाचा माणूस निघालास.”

तू जा तिच्याकडं. मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

अवि

*

इंदापूर
२ एप्रिल १९९७

अवि,

खरं लिहिलंस. पण माफी माझ्याकडं मागू नकोस. माझा कार्यक्रम गेला एवढंच असतं, तर दोन दिवस रुसले असते आणि राखीला बोलावलं असतं. ज्यांचं गेलंय त्यांच्यातली एक आता नाही, आणि दुसरीच्या वतीनं मी काही म्हणू शकत नाही. घरी ये असं अजून माझ्याच्यानं लिहवत नाही. पत्र मात्र टाकत जा. आलेलं मी वाचीन.

बिरूभाऊंनी ती खोली बंद केली. मीच नको म्हटलं.

काल नकोशीकडं गेले. दुपारचीच वेळ होती. तिनं दार उघडलं, म्हणाली, “तुमच्या भावानं सांगितलं हुतं, तुमी येनार म्हून. पंदरा दिस झाले.” मग मला भिंतीशी बसवलं, स्वतः समोर बसली आणि म्हणाली, “पयल्यापासनं सांगा. काय नेसली हुती?”

मी सांगितलं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, जमिनीवर बसते म्हणत होत्या. मग टोकावर बसल्या, दोन्ही हातांनी टेबल धरून. बोलायचं कुणाकडं बघून ते त्यांना कळेना. बिरूभाऊ म्हणाले, आजी, हितं काचंकडं बघा. तर वाकून त्या काचेत बघितलं आणि विचारलं, “हितं हाय का ती?”

नकोशीनं तोंडावर पदर घेतला. मी थांबले. ती म्हणाली, “थांबू नगा.”

मग मी फुलाबाई जसं बोलल्या तसंच बोलले. महिना झाला, ते माझ्या डोक्यात तसंच बसलंय.

“बायडे, मी तुजी आई बोलतीया, शेळगाववरनं. तार काढू नगंस, जरा दम धर. तुजं नाव तुज्या आजीनं ठिवलं म्हून मी तुला सांगत आले, गावाला बी सांगत आले. त्ये खोटं हाय. म्या ठिवलं. चौथी पोरगी झाली म्हून म्या भितीकडं तोंड करून निजले हुते. नाव इचारलं तर त्येच निघालं तोंडातनं. आजी नगं म्हनत हुती. तिच्या माथी मारलं म्या. फुडं मला त्या नावानं हाक मारवंना. म्हून बायडे म्हनत आले. तुज्या ध्यानात आलं का न्हाय, ठावं न्हाय. तुज्या पोरीच्या बारशाला पुन्यांदा त्येच बोलले. दार लावलंस त्ये बरुबर केलंस. म्या दारात येत न्हाय आता. पन मी हाय तवर एकदा जेवून जा.”

नकोशीनं तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, “आजीनं न्हाय ठिवलं?”

मी मान हलवली.

“म्या आजीच्या मातीला गेले न्हवते, ताई. त्या नावापायी.”

तिनं मला सगळं परत बोलायला लावलं. पुन्हा एकदा लावलं. तिसऱ्यांदा झाल्यावर डोळे पुसून नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, “आता मी बोलते. तुमी तशाच बसा. तुमी आई व्हा.”

मी टेबल नव्हतं तरी हात तसेच पुढं धरले.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ हलत होते. मी वाट बघत होते. ओरडेल, रडेल, काहीतरी विचारेल. शब्द आलाच नाही. बाहेर ऊन उतरायला लागलं, तरी आम्ही दोघी तशाच बसलेल्या.

शेवटी ती उठली, पदर खोचला आणि चुलीकडं गेली. पाठमोरी म्हणाली, “जेवून जावा.”

मला भूक नव्हती, पण नाही म्हणायचा धीर झाला नाही. तिनं एकच ताट घेतलं. गरम भाकरी वाढली, भाजी वाढली, पुन्हा भाकरी वाढली. मी पुरे म्हटलं तरी वाढत राहिली, आणि मी जेवत राहिले.

अक्का